इरावती कर्वे: आडनाव एका बाजूचे, डीएनए दोन्ही बाजूंचा

नववी-दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा असतो. मेंडेलचे वाटाणे, गुणसूत्रे, डीएनए, सिकलसेल हे शब्द तुमच्या घरातल्या मुलांनी पाठ केलेले असतात. उंच झाड आणि बुटके झाड यांची चौकट ती वहीत काढतात, गुण मिळवतात आणि परीक्षा संपली की विसरून जातात. त्या चौकटीचा आपल्या घराशी काही संबंध आहे, हे मात्र त्यांना क्वचितच कोणी सांगते.

देगलूर परिसरात हा संबंध फार जवळचा आहे. इथे मामाच्या मुलीशी लग्न ही नवलाची गोष्ट नाही. काही घरांत मामा-भाचीचेही लग्न होते. अशा जोडप्याचे मूल जन्मतः बहिरे निघाले, त्याला वारंवार रक्त चढवावे लागले किंवा ते वेळेवर चालेना, की घरात पहिला प्रश्न निघतो तो दोष कुणाचा हा. बहुतेक वेळा बोट आईकडे जाते.

या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासाठी आपण डॉ. इरावती कर्वे यांचे आयुष्य पाहू. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून तुम्ही त्यांना ओळखत असाल. त्या वैद्यकीय डॉक्टर नव्हत्या. त्यांचा विषय मानववंशशास्त्र, म्हणजे माणसाचे शरीर, त्याचा समाज आणि त्याची नाती यांचा अभ्यास. पण आनुवंशिकतेबद्दल रुग्णाच्या घरच्यांना माहीत असायला हव्यात अशा दोन गोष्टी त्यांच्या कामातून स्वच्छ दिसतात. माणसाची लायकी त्याच्या वंशावरून ठरत नाही, ही पहिली. नाती दोन्ही बाजूंनी मोजावी लागतात, ही दुसरी.

नदीचे नाव मिळालेली मुलगी

इरावतींचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशातल्या म्यिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. ब्रह्मदेशातून वाहणाऱ्या इरावदी नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले.

सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागा शाळेत पाठवले. तिथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि त्या ओळखीतून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी इरावती मुलीसारख्या वाढल्या. पुस्तकांनी भरलेले घर, मोकळी चर्चा आणि मुलींनीही शिकलेच पाहिजे असे मानणारी माणसे त्यांना लहानपणीच लाभली. शकुंतलाबाई पुढे कुटुंबनियोजनाच्या कामासाठी ओळखल्या गेल्या.

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन इरावती 1926 मध्ये पदवीधर झाल्या. नंतर मुंबई विद्यापीठात प्रा. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि 1928 मध्ये एम.ए. पूर्ण केले. प्रबंधाचा विषय स्वतःच्याच समाजाचा, चित्पावन ब्राह्मणांचा होता. याच काळात रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेले. थोरले दीर र. धों. कर्वे हे संततिनियमनाचा प्रचार करणारे आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे.

अशा घरातही सुनेने परदेशी जाऊन शिकावे, हे महर्षींना फारसे पटले नव्हते. नवरा मात्र ठाम होता. तो स्वतः जर्मनीत शिकून आला होता. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन 1928 मध्ये इरावती बर्लिनला गेल्या.

बर्लिनमधल्या कवट्या

त्या ज्या संस्थेत दाखल झाल्या, ती कैसर विल्हेल्म संस्था 1927 मध्येच सुरू झाली होती. मानववंश, मानवी आनुवंशिकता आणि तथाकथित वंशसुधारणा हे तिचे विषय होते. प्रमुख होते ऑयगेन फिशर. माणसांचे वंश उच्च-नीच असतात आणि हे मोजून सिद्ध करता येते, असे मानणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी ते एक.

फिशर यांनी इरावतींना कवट्यांचा विषय दिला. माणसाची कवटी उजव्या आणि डाव्या बाजूला अगदी सारखी नसते, थोडा फरक असतो. युरोपीय लोकांत हा फरक जास्त असावा आणि त्याचे नाते त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी असावे, असा फिशर यांचा कयास होता. वेगवेगळ्या खंडांतल्या लोकांच्या कवट्या मोजून ते तपासायचे होते.

इरावतींनी कवट्या मोजल्या. फरक सगळीकडे होता, पण त्याचा वंशाशी काही मेळ बसेना. कुठल्याही एका वंशाच्या कवट्या वेगळ्या उठून दिसत नव्हत्या. त्यांनी जे मोजले तेच प्रबंधात लिहिले. विशीतली, परक्या देशातली, वसाहतीतून आलेली एक विद्यार्थिनी आपल्याच मार्गदर्शकाच्या आवडत्या समजुतीविरुद्ध निष्कर्ष मांडत होती. त्याच प्रबंधावर त्यांना डॉक्टरेट मिळाली.

पुढे काय झाले हे कळले की या निष्कर्षाची किंमत लक्षात येते. 1933 मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले. त्याच वर्षी तथाकथित आनुवंशिक आजार असलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा झाला. त्यात जन्मजात बहिरे आणि अंध, फिट्स येणारे आणि मानसिक आजार असलेले लोक होते. सुमारे 4 लाख माणसांवर ही सक्ती झाली. यातल्या अनेकांचा आजार आनुवंशिक नव्हताच. फिशर आणि त्यांची संस्था या राजवटीच्या बाजूने उभी राहिली. ज्या शास्त्राने रुग्णाला मदत करायची, तेच शास्त्र रुग्णाला कमी ठरवण्यासाठी वापरले गेले.

तुमच्या घरात आनुवंशिक आजार असलेले मूल असेल, तर हा इतिहास तुमच्यासाठीही आहे. जनुकातला बदल म्हणजे डीएनएच्या लिखाणात झालेला फरक. त्यावरून आजाराचा धोका सांगता येतो. माणूस किंवा त्याचे घराणे चांगले की वाईट, हे त्यावरून सांगता येत नाही. तुमच्या-माझ्यासह प्रत्येक माणूस असे काही सदोष जनुक नकळत बाळगून असतो. ज्याच्या घरात ते दिसले त्याला आपण डाग म्हणतो आणि ज्याच्या घरात दिसले नाहीत त्याला निर्मळ. दोन्ही समजुती चूक आहेत.

सायकल, स्कूटर आणि वंशावळी

भारतात परतल्यावर 1931 ते 1936 या काळात इरावतींनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. कार्यालयाच्या कामात त्यांचा जीव रमला नाही. 1939 मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले आणि त्या तिथे समाजशास्त्र शिकवू लागल्या. आयुष्यातला पुढचा बहुतेक काळ त्यांनी तिथेच घालवला. 1940 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर त्या गुजरातमधल्या लांघणजच्या उत्खननात होत्या. तिथे अश्मयुगातल्या माणसांचे सांगाडे मिळाले. 1947 मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या मानववंशशास्त्र विभागाच्या त्या अध्यक्ष झाल्या.

पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई असे त्यांच्याबद्दल सांगतात. मुले लहान असतानाही त्या महिनोन् महिने फिरतीवर असत आणि घरचा बराच भार दिनकरराव उचलत. खेडी, आदिवासी पाडे, डोंगर, जिथे माणसे तिथे त्या जात. उंची, डोके, नाक यांची मोजमापे घेत. पुढच्या काळात रक्तगटांचाही अभ्यास त्यात आला. शरीराची मोजमापे घेण्याची ती जुनी पद्धत त्यांनी आयुष्यभर सोडली नाही आणि त्याबद्दल आजचे अभ्यासक त्यांच्यावर टीकाही करतात. पण त्यांच्या वहीत मोजमापांबरोबर आणखी एक गोष्ट असे. कोण कुणाचा कोण, कुणाचे लग्न कुठे झाले, कोणत्या नात्याला काय म्हणतात, हे त्या बारकाईने टिपत. याच नोंदींतून त्यांचे सर्वात मोठे काम उभे राहिले.

नात्यांचा नकाशा आणि आपली सीमा

भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे मांडले. उत्तरेत मुलगी नात्याबाहेर आणि बहुधा गावाबाहेर देतात. दक्षिणेत मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांचे लग्न पसंत केले जाते. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो. इथल्या अनेक समाजांत मामाची मुलगी करतात, पण आत्याची मुलगी टाळतात.

देगलूरला हे सगळे एका तालुक्यात पाहायला मिळते. एका बाजूला तेलंगणातले मदनूर, दुसऱ्या बाजूला कर्नाटकातले औराद. 1948 पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. भाषावार राज्ये नंतर झाली, सोयरिकी त्याआधीच्या आहेत. मराठी घरात मामाची मुलगी, तेलुगू घरात मेनरिकम्, काही घरांत मामा-भाची. मुस्लिम कुटुंबांत चुलत आणि मावस नात्यांतही लग्ने होतात.

इरावती भाषेतूनही नाते वाचत. आपल्याकडे जावई सासऱ्याला मामा म्हणतो आणि सून सासूला आत्याबाई म्हणते. हे शब्द उगीच आलेले नाहीत. सासरा खरोखरच मामा असे आणि सासू खरोखरच आत्या असे, अशा लग्नांची आठवण भाषेने जपून ठेवली आहे.

या चालीकडे त्यांनी तुच्छतेने पाहिले नाही. उत्तरेतली नवी सून परक्यांच्या घरात जाते. नात्यातल्या लग्नात ती लहानपणापासून ओळखीच्या अंगणात जाते, हा फरक त्यांनी दाखवून दिला. तुमच्या आजीने नात्यात मुलगी दिली असेल, तर तिच्या डोक्यात मुलीची काळजीच होती. देण्याघेण्याचा बोजा कमी, जमीन घरात, माणसे पारखलेली. डॉक्टरांनीही हे समजून घेतल्याशिवाय नात्यात लग्न करू नका एवढेच सांगून थांबू नये.

गोत्र वेगळे, मग नाते कसे?

नात्यातल्या लग्नाबद्दल बोलताना दवाखान्यात नेहमी एक उत्तर मिळते. आमचे कूळ वेगळे, देवक वेगळे, आडनाव वेगळे, म्हणजे रक्त एक नाही. समाजाच्या हिशेबात हे बरोबर आहे. कूळ, गोत्र, आडनाव वडिलांकडून पुढे जाते, त्यामुळे मामाचे घराणे आपोआप वेगळे ठरते.

डीएनएचा हिशेब वेगळा आहे. तुमच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात, 23 आईकडून आणि 23 वडिलांकडून. आईचा वाटा वडिलांइतकाच. त्यामुळे मामाच्या मुलीचे आजी-आजोबा आणि तुमच्या आईचे आई-वडील एकच आहेत, ही गोष्ट आडनाव बदलल्याने पुसली जात नाही. चुलत, मावस, मामे आणि आते ही चारही भावंडे डीएनएच्या दृष्टीने सारखीच जवळची. समाजाने त्यातली दोन नाती बहीण-भावाची मानली आणि दोन लग्नाची. डीएनए हा भेद करत नाही.

किती जवळची, ते असे:

- सख्ख्या भावंडांत सरासरी 2 पैकी 1 भाग डीएनए समान वाडवडिलांकडून आलेला असतो.
- मामा आणि भाची यांच्यात 4 पैकी 1 भाग.
- आते-मामे, चुलत, मावस भावंडांत 8 पैकी 1 भाग.

पिढ्यान् पिढ्या नात्यातच लग्ने होत आली असतील तर हा वाटा आणखी वाढतो.

मेंडेलची चौकट आपल्या घरात

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. काही आजारांत एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावते. अशा माणसाला वाहक म्हणतात आणि त्याला सहसा काहीच त्रास नसतो. सिकलसेल, थॅलेसेमिया, जन्मजात बहिरेपणाचे अनेक प्रकार, वर्णकहीनता हे आजार असेच आहेत. आई आणि वडील दोघेही एकाच आजाराचे वाहक असले तरच मूल आजारी होऊ शकते. प्रत्येक गरोदरपणात आजारी मुलाची शक्यता 4 पैकी 1, वाहक मुलाची 4 पैकी 2 आणि पूर्ण मोकळ्या मुलाची 4 पैकी 1. वाटाण्याच्या झाडांत मेंडेलला दिसलेले 3 ला 1 हे प्रमाण ते हेच.

ही शक्यता प्रत्येक वेळी नव्याने लागू होते. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन निरोगीच होतील, असा अर्थ काढू नका.

आता नात्याचा हिशेब करू. समजा आजोबा एका आजाराचे वाहक होते. ती प्रत मामाला मिळण्याची शक्यता 2 पैकी 1, मामाच्या मुलीला 4 पैकी 1. तसेच आईला 2 पैकी 1 आणि तिच्या मुलाला 4 पैकी 1. दोघेही वाहक असण्याची शक्यता 16 पैकी 1 आणि त्यांचे मूल आजारी होण्याची 64 पैकी 1. याच मुलाने नात्याबाहेर लग्न केले आणि त्या समाजात 100 पैकी 1 जण वाहक असेल, तर मूल आजारी होण्याची शक्यता 1600 पैकी 1 होते. दहावीच्या मुलाला हा गुणाकार सहज जमतो. त्याच्याकडूनच करून घ्या.

हा एका जनुकाचा हिशेब झाला. एकूण चित्र पाहिले तर कोणत्याही जोडप्याच्या 100 बाळांपैकी साधारण 2 ते 3 बाळांत जन्मजात गंभीर दोष आढळतो. सख्ख्या आते-मामे किंवा चुलत-मावस भावंडांच्या लग्नात हे प्रमाण साधारण 4 ते 6 होते. मामा-भाचीत त्याहून जास्त. म्हणजे धोका वाढतो हे खरे आणि अशा जोडप्यांची बहुतेक मुले निरोगी असतात हेही खरे. शेजारच्या घरी नात्यातल्या लग्नातून चार मुले ठणठणीत झाली, म्हणून धोका नाही असे ठरत नाही. तुमच्या घरी एक मूल आजारी झाले, म्हणून शाप आहे असेही ठरत नाही.

आणि दोष कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर याच चौकटीत आहे. अशा आजारात एक प्रत आईची आणि एक वडिलांची. दोघांनाही ती कळत नव्हती, दोघांनीही ती निवडली नव्हती. गरोदरपणात तिने काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, याचा इथे काही संबंध नाही.

एक नाव, अनेक गट

इरावतींचा आणखी एक अभ्यास रुग्णांच्या उपयोगाचा आहे. ज्याला आपण एक जात म्हणतो, तिच्यात प्रत्यक्षात आपापसातच लग्न करणारे अनेक गट असतात, असे त्यांचे म्हणणे होते. 1960 च्या दशकात त्यांनी सहकाऱ्यासोबत महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची शरीरे आणि रक्तगट यांची तुलना केली. नाव एक असले तरी हे गट जैविकदृष्ट्या एकमेकांपासून वेगळे राहिलेले दिसले.

याचा अर्थ असा की जवळचे नाते नसले तरी एकाच लहान गटात शतकानुशतके लग्ने होत राहिली, तर त्या गटात एखादा सदोष जनुक जास्त प्रमाणात साठतो. म्हणून सिकलसेल विदर्भात आणि आपल्या जिल्ह्यात किनवट-माहूरसारख्या आदिवासी भागांत जास्त तपासला जातो. म्हणून काही समाजांत थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. यात कुठल्या समाजाची उंची कमी होत नाही. प्रत्येक गटाच्या वाट्याला कुठला ना कुठला जनुक आलेलाच असतो, फक्त आजाराचे नाव बदलते.

शेवटची वर्षे

इरावतींनी मराठीतही भरपूर लिहिले. मराठी लोकांच्या संस्कृतीवर पुस्तक, ‘परिपूर्ती’ आणि ‘भोवरा’ हे ललित लेखसंग्रह. कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांची पाहणीही त्यांनी केली. पंढरीच्या वारीत त्या वारकऱ्यांबरोबर चालल्या. 1967 मध्ये ‘युगान्त’ आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. महाभारतातल्या माणसांकडे त्यांनी देव म्हणून पाहिले नाही. कुणाचा मुलगा कोण, कुणाचे लग्न कुणाशी का झाले, कुठल्या नात्याने कुणाला अडकवले, हे त्या तिथेही शोधत राहिल्या. 11 ऑगस्ट 1970 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची मुलगी गौरी देशपांडे मराठीतली नामवंत लेखिका झाली.

घरची वंशावळ काढा

इरावती गावोगावी जे करत, ते तुम्ही एका संध्याकाळी घरी करू शकता. नववी-दहावीच्या मुलाला कागद-पेन्सिल द्या आणि आजीजवळ बसवा.

- पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ काढा. नवरा-बायकोला आडव्या रेषेने जोडा. लग्न नात्यातले असेल तर दोन समांतर रेषा काढा.
- आजी-आजोबा, आई-वडील व त्यांची भावंडे, आणि मुले अशा किमान तीन पिढ्या घ्या.
- आईकडची बाजू वडिलांकडच्या बाजूइतकीच पूर्ण भरा. आपण इथेच कमी पडतो.
- जन्मजात बहिरेपणा, अंधत्व, मतिमंदत्व, वारंवार रक्त चढवावे लागणे, स्नायूंची कमजोरी, फिट्स, लहानपणीच गेलेली मुले आणि वारंवार झालेले गर्भपात यांची नोंद करा. आजार असलेल्याचा चौकोन किंवा वर्तुळ भरून काढा.

लहानपणी गेलेल्या मुलांबद्दल विचारताना आजीला वेळ द्या. अनेक घरांत ही नावे वर्षानुवर्षे कोणी उच्चारलेली नसतात. हा कागद दवाखान्यात घेऊन या. कितीतरी महागड्या तपासण्या कुठून सुरू करायच्या, हे त्यावरून ठरते.

डॉक्टरांना कधी भेटावे

- नात्यात लग्न ठरत असेल तर लग्नाआधी. दोघांची सीबीसी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी तपासणी (एचपीएलसी) करून घ्या. थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे वाहक त्यात सहसा कळतात. सगळे आनुवंशिक आजार एकाच तपासणीत कळत नाहीत, म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी वंशावळ दाखवा.
- लग्न झाले असेल तर घाबरू नका, पण दिवस राहण्याआधी भेटा. फोलिक ॲसिडची गोळी तेव्हापासूनच सुरू करायची असते.
- दिवस राहिले असतील तर पहिल्या तीन महिन्यांतच नात्यातले लग्न आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. घरात आधीचे आजारी मूल असेल तर गर्भाची तपासणी साधारण 11 व्या आठवड्यापासून करता येते. ती आजारासाठी असते. गर्भाचे लिंग विचारणे आणि सांगणे हा कायद्याने गुन्हा आहे. 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका.
- बाळ झाल्यावर पहिल्या महिन्यात ऐकण्याची तपासणी करून घ्या. बहिरेपणा लवकर कळला तर श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटने मूल बोलायला शिकू शकते.
- लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर थॅलेसेमियाचा विचार करायला सांगा.

सिकलसेलसाठी केंद्र सरकारचे राष्ट्रीय अभियान जुलै 2023 मध्ये सुरू झाले असून त्यात तपासणी मोफत होते. मुलांच्या जन्मजात दोषांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. देगलूरच्या उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पुढच्या तपासण्यांसाठी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवता येते.

लग्न कुणाशी करायचे हा तुमचा आणि तुमच्या मुलांचा निर्णय आहे. हिंदू विवाह कायदा 1955 जवळच्या नात्यातली लग्ने मनाई करतो आणि चालत आलेल्या रूढीला सवलतही देतो. डॉक्टरचे काम तुम्हाला आकडा समजावून सांगण्याचे आहे. तो समजून घेताना नवरा-बायको दोघेही समोर बसा. अनेकदा सून एकटी येते आणि घरी जाऊन तिलाच सगळ्यांना उत्तरे द्यावी लागतात. डीएनए दोघांचा आहे, तर रिपोर्ट ऐकायलाही दोघांनी यावे.